शुगर ‘बॉर्डरवर’ आली, आता पुढे काय? किती वेळा तपासायची, कुठे तपासायची आणि कोणता आकडा खरा मानायचा

शिबिरात बोट टोचले, मशीनवर ११८ आकडा आला आणि ‘बॉर्डरवर आहे, काळजी घ्या’ एवढे ऐकून माणूस घरी आला. काळजी म्हणजे नेमके काय करायचे, हे विचारायला मागे रांग असते. मग कोणी तो कागद घडी करून देव्हाऱ्यामागे ठेवून देतो. कोणी दुसऱ्या दिवशी तालुक्याला जाऊन मशीन आणतो आणि दिवसातून चार वेळा बोट टोचत बसतो. कोणी घरातल्या शुगर असलेल्या माणसाची गोळी अर्धी करून घ्यायला लागतो. गावोगाव हे तिन्ही प्रकार चालू आहेत आणि तिन्ही चुकीचे आहेत. यातला तिसरा प्रकार तर जिवावर बेतू शकतो.

बॉर्डरवरची शुगर म्हणजे मधुमेह नव्हे, पण ‘काही नाही’ असेही नव्हे. वेळीच नीट तपासले आणि थोडे बदल केले तर या टप्प्यावरून माणूस मागे फिरू शकतो. म्हणूनच कोणती तपासणी कशासाठी आणि कोणत्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा, हे समजून घेणे गरजेचे आहे.

बॉर्डर म्हणजे किती?

रक्तातील साखर मिलिग्रॅममध्ये मोजतात. एक डेसिलिटर, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तामागे किती मिलिग्रॅम साखर आहे, तो हा आकडा. लॅबमध्ये हाताच्या शिरेतून घेतलेल्या रक्तासाठी ढोबळ हिशेब असा आहे :

उपाशीपोटी : १०० च्या आत नॉर्मल, १०० ते १२५ बॉर्डर, १२६ किंवा पुढे मधुमेह.

७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी : १४० च्या आत नॉर्मल, १४० ते १९९ बॉर्डर, २०० किंवा पुढे मधुमेह.

तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी : ५.७ टक्क्यांच्या आत नॉर्मल, ५.७ ते ६.४ बॉर्डर, ६.५ किंवा पुढे मधुमेह.

इथे एक घोळ लक्षात ठेवायला हवा. उपाशीपोटीची बॉर्डर अमेरिकन डायबेटिस असोसिएशन १०० पासून धरते, तर जागतिक आरोग्य संघटना ११० पासून धरते. त्यामुळे १०४ आकड्याला एका लॅबच्या कागदावर नॉर्मल लिहिलेले असते आणि दुसऱ्या लॅबच्या कागदावर त्याच आकड्यासमोर बाण काढलेला असतो. लॅब खोटी नसते, मोजायची रेघ वेगळी असते. १०४ वाल्याने घाबरायचे कारण नाही, पण वर्षभराने पुन्हा तपासायला मात्र विसरू नये.

दुसरी गोष्ट, त्रास काहीच होत नसताना एकाच रिपोर्टवर मधुमेहाचा शिक्का मारत नाहीत. आकडा जास्त आला तर तपासणी पुन्हा करून खात्री केली जाते. बॉर्डरच्या बाबतीतही हेच शहाणपणाचे आहे.

‘राबणाऱ्याला शुगर होत नाही’ हे आता खरे राहिले नाही

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३ कोटी ६० लाख लोक बॉर्डरवर आहेत. मधुमेहात शहरे पुढे आहेत. शहरात १०० पैकी १६ हून अधिक, तर खेड्यात ९ च्या आसपास. पण बॉर्डरवरच्या लोकांचे प्रमाण शहरात आणि खेड्यात जवळपास सारखेच, १०० मागे १५ च्या आसपास निघाले. म्हणजे खेडी सुरक्षित नाहीत, फक्त थोडी मागून येत आहेत.

कारणे शोधायला लांब जायला नको. नांगरणी ट्रॅक्टरने होते, पाणी ठिबकने जाते, मोटर मोबाइल स्टार्टरवरून घरबसल्या चालू होते, आणि वस्तीवरून गावात यायला दारात मोटारसायकल उभी असते. काम शेतीचेच आहे, पण अंगाला पडणारा ताण वीस वर्षांपूर्वीचा राहिला नाही. ताटातले आणि कपातले मात्र कमी झाले नाही. चहाच्या एका कपात दोन चमचे साखर धरली आणि दिवसाला पाच कप झाले, तर ५० ग्रॅम साखर होते. महिन्याचा हिशेब दीड किलो. हा फक्त चहाचा.

‘मी बारीक आहे, मला कशाची शुगर?’ हाही गैरसमज. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता आणि बालकांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधील बाळांचे ३.५ किलो भरले. गावची बाळे दिसायला किरकोळ, पण त्यांच्या अंगात स्नायूंच्या मानाने चरबी जास्त होती. वरून बारीक आणि आतून चरबी, अशी ही ठेवण पुढे मधुमेहाकडे नेणारी ठरते. म्हणून आपल्याकडे काट्यावरच्या वजनापेक्षा कंबरेचा घेर जास्त बोलका आहे.

तपासणीला कोणी जावे?

बॉर्डरवरच्या शुगरला बहुतेक वेळा कसलेच लक्षण नसते. तहान, सारखी लघवी, वजन उतरणे हे सगळे पुढचे. काहींच्या मानेवर, काखेत कातडी काळपट आणि मखमलीसारखी जाड होते. उन्हाने काळी पडली किंवा मळ बसला समजून लोक ती घासत बसतात. ती घासून जात नाही. अशी खूण दिसली तर शुगर तपासून घ्यावी.

चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने भारतीयांसाठी गुणांचा एक सोपा तक्ता तयार केला आहे. घरी मोजपट्टी असली की पुरे.

वय : ३५ च्या आत ०, ३५ ते ४९ असेल तर २०, पन्नाशीपुढे ३०.

कंबर : पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या आत, बाईची ८० च्या आत असेल तर ०. पुरुष ९० ते ९९, बाई ८० ते ८९ असेल तर १०. त्यापुढे २०.

घराणे : आई-वडिलांपैकी कोणालाच नसेल तर ०, एकाला असेल तर १०, दोघांना असेल तर २०.

अंगमेहनत : कामाचे कष्ट आणि व्यायाम किती, त्यावर ० ते ३०. दिवसभर बैठे काम आणि व्यायाम नाही, त्याला पूर्ण ३०.

बेरीज ६० किंवा जास्त आली तर धोका जास्त समजून रक्त तपासावे. उदाहरणार्थ ४४ वर्षांचा दुकानदार, कंबर ९६, वडिलांना शुगर, दिवसभर गल्ल्यावर. त्याचे २० अधिक १० अधिक १० अधिक ३०, म्हणजे ७० गुण झाले. गुण जास्त म्हणजे शुगर झालीच असे नाही. तपासायला उशीर करू नये, एवढाच त्याचा अर्थ.

याशिवाय गरोदरपणात शुगर वाढलेली बाई, बीपीचा रुग्ण आणि तिशीच्या पुढचा प्रत्येकजण यांनी एकदा तरी तपासून घ्यावे. गरोदरपणातली शुगर बाळंतपणानंतर खाली आली म्हणजे विषय संपला, असे घरचे मानतात. प्रत्यक्षात अशा बाईला पुढे मधुमेह होण्याचा धोका बराच जास्त असतो. बाळंतपणानंतर दीड महिन्याने एकदा आणि पुढे ठरावीक अंतराने तपासणी हवीच.

‘उपाशीपोटी’ म्हणजे नक्की किती उपाशी?

किमान आठ तास पोटात काही नको. पाणी चालते. चहा चालत नाही, बिनसाखरेचाही नको. तंबाखू, मिश्रीही तपासणी होईपर्यंत लांब ठेवावी. खेड्यात घोळ होतो तो इथेच. पहाटे धार काढायला उठलेला माणूस चहा पिऊनच गोठ्यात जातो आणि नऊ वाजता ‘उपाशीपोटी’ म्हणून रक्त देतो. रात्रीच्या लाइटवर पिकाला पाणी द्यायला गेलेल्याने तीन वाजता थर्मासमधला चहा घेतला असेल, तर सकाळी सातची तपासणी उपाशीपोटीची होत नाही. शिवाय रात्रभर जागरण झाले की शुगर थोडी वर दिसू शकते. रात्रपाळीचा आठवडा संपल्यावर, नीट झोप झालेल्या दिवशी रक्त द्यावे.

ताप, जखम पिकलेली, दाढेचा ठणका असे काही असेल तर आकडा तात्पुरता वाढतो. गुडघेदुखी, दमा किंवा अंगावरच्या खाजेसाठी स्टेरॉइडचे इंजेक्शन किंवा गोळी घेतली असेल तरीही वाढतो. काय औषध घेतले हे माहीत नसेल तर पुडी किंवा चिठ्ठी बरोबर न्यावी आणि रक्त देण्याआधी सांगावे.

‘जेवणानंतरची’ तपासणीही नीट करावी लागते. दोन तास मोजायचे ते पहिल्या घासापासून, हात धुतल्यापासून नव्हे. आणि तपासणीच्या दिवशी मुद्दाम अर्धी भाकरी खाऊन आकडा चांगला आणण्यात अर्थ नाही. रोज जे आणि जेवढे जेवतो, तेच जेवावे. बॉर्डर ठरवायची पक्की तपासणी मात्र ग्लुकोजची. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून पाच मिनिटांत प्यायचे आणि दोन तास शांत बसायचे. मधल्या वेळेत बाजार करून यायचा नाही. काहींची उपाशीपोटीची शुगर एकदम ठीक असते आणि दोन तासांची १६०-१७० निघते. फक्त उपाशीपोटी तपासून घरी आलेल्यांची ही बॉर्डर तशीच लपून राहते.

लघवीतल्या साखरेवर मात्र विसंबू नये. रक्तातली साखर साधारण १८० च्या पुढे गेल्याशिवाय ती लघवीत उतरत नाही. लघवीची पट्टी कोरी आली म्हणून बॉर्डर नाही, असे म्हणता येत नाही.

रक्त गावात काढले, तपासले तालुक्याला

गावातल्या कलेक्शन सेंटरवर रक्त काढतात आणि बाटल्या दुपारच्या गाडीने तालुक्याला जातात. काढलेल्या रक्तातल्या पेशी जिवंत असतात, त्या त्यातली साखर खात राहतात. साध्या बाटलीत रक्त तसेच राहिले तर तासाला ५ ते ७ टक्के साखर कमी होऊ शकते. म्हणजे ११५ चा आकडा तालुक्याला पोहोचेपर्यंत शंभरच्या आत येऊन बसतो आणि रिपोर्ट ‘नॉर्मल’ निघतो. हे टाळण्यासाठी शुगरचे रक्त करड्या टोपणाच्या फ्लोराइड असलेल्या बाटलीत घेतात. त्यानेही ही घट लगेच पूर्ण थांबत नाही, म्हणून रक्त लवकर लॅबला पोहोचणे महत्त्वाचे. रक्त देताना बाटलीचे टोपण बघावे आणि गाडी कधी जाते ते विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही, पैसे आपलेच असतात. शक्य असेल तर सकाळी लवकर थेट तालुक्याच्या लॅबमध्येच रक्त द्यावे.

तीन महिन्यांची तपासणी आणि रक्त कमी असलेल्या बाया

एचबीएवनसीला गावात ‘तीन महिन्यांची शुगर’ म्हणतात. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. तेवढ्या काळात त्यांच्यावर जी साखर चिकटते, ती यात मोजली जाते. उपाशी राहायची गरज नाही, कालच्या लग्नातल्या जेवणाने आकडा हलत नाही, हा मोठा फायदा. ६.० आकडा म्हणजे सरासरी शुगर १२६ च्या आसपास.

पण ही तपासणी तांबड्या पेशींवर उभी आहे. पेशीतच बिघाड असेल तर आकडा चुकतो. लोहाच्या कमतरतेमुळे हिमोग्लोबिन कमी असेल तर तीन महिन्यांची शुगर आहे त्यापेक्षा जास्त दिसू शकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक महिलांमध्ये रक्तक्षय आढळला होता. त्यामुळे एखाद्या बाईचा एचबीएवनसी ५.९ आला आणि हिमोग्लोबिन ८ असेल, तर आधी रक्त भरून काढणे आणि शुगर उपाशीपोटी व ग्लुकोज देऊन तपासणे योग्य. उलट सिकलसेल असलेल्यांमध्ये पेशी लवकर मरतात, त्यामुळे आकडा खोटा कमी दिसू शकतो. नंदुरबार, गडचिरोली यांसारख्या सिकलसेल आढळणाऱ्या जिल्ह्यांत हे विशेष ध्यानात ठेवावे लागते. थोडक्यात, एचबीएवनसी करताना हिमोग्लोबिनही करून घ्यावे.

घरचे मशीन : कामाचे, पण निकाल देणारे नव्हे

ग्लुकोमीटर आता हजार-दीड हजारात मिळतो. खरा खर्च पट्ट्यांचा. एका पट्टीला कंपनीनुसार साधारण १५ ते ३० रुपये पडतात. दिवसाला चार वेळा तपासणारा महिन्याला दोन-तीन हजार रुपये बोटावरून घालवतो.

मशीनच्या अचूकतेचा जो आंतरराष्ट्रीय निकष आहे, त्यात १०० च्या पुढच्या आकड्याला १५ टक्के इकडे-तिकडे चालते. म्हणजे लॅबमध्ये ११० भरणारी शुगर चांगल्या मशीनवर ९४ ते १२६ यांपैकी काहीही दिसू शकते. एक टोक नॉर्मल, दुसरे टोक मधुमेह! म्हणूनच बॉर्डर आहे की नाही हे मशीनवर ठरवत नाहीत. आज १०८, उद्या ११५, परवा १०४ या चढउताराला घाबरायचे नाही. तो शुगरचा कमी आणि मशीनचा जास्त खेळ असतो. जेवणानंतर तर बोटातल्या रक्ताचा आकडा शिरेतल्या रक्तापेक्षा थोडा वरच असतो.

मशीन वापरताना होणाऱ्या नेहमीच्या चुका अशा :

हात न धुणे. गूळ फोडला, ऊस सोलला, केळ खाल्ले आणि तेच बोट टोचले तर दीडशे-दोनशे आकडाही येऊ शकतो. साबण-पाण्याने हात धुऊन कोरडे करावेत. ओल्या बोटाने आकडा खोटा कमी येतो.

बोट पिळणे. राबणाऱ्या हाताची कातडी जाड असते, रक्त लवकर येत नाही. मग बोट दाबून पिळतात आणि रक्तात पाणी मिसळते. कोमट पाण्याने हात धुवावा, हात खाली सोडावा आणि बोटाच्या टोकाला मधोमध न टोचता कडेला टोचावे.

पट्ट्या उन्हात. बहुतेक पट्ट्यांच्या डबीवर ३० अंशांच्या आसपासची मर्यादा छापलेली असते. मे महिन्यात पत्र्याच्या घरात, गाडीच्या डिकीत त्या खराब होतात. फ्रिजमध्येही ठेवू नयेत. डबीचे झाकण लगेच लावावे आणि मुदतीची तारीख बघूनच घ्याव्यात.

एकच सुई सगळ्यांना. घरात मशीन आले की शेजारीपाजारी ‘माझी पण बघ’ म्हणून येतात. एका सुईने दुसऱ्याला टोचल्यास काविळीसारखे रक्तातून पसरणारे आजार लागू शकतात. सुई प्रत्येकाला नवी हवी आणि टोचायचे पेनही ज्याचे त्यालाच. वापरलेली सुई उकिरड्यावर टाकू नये, खतात हात घालणाऱ्याला लागते. जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवून आरोग्य केंद्रात द्यावी.

मग किती वेळा तपासायचे?

तपासणीत नॉर्मल आले, पण धोका जास्त आहे, अशांनी वर्षातून एकदा तपासावे. धोका कमी असेल तर तीन वर्षांनी चालते. बॉर्डर पक्की झाली असेल तर तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टर सांगतील तशी पुन्हा तपासणी आणि पुढे दरवर्षी एकदा. सोबत बीपी आणि कोलेस्टेरॉलही बघून घ्यावे, कारण ही मंडळी एकमेकांचा हात धरूनच येतात.

घरी रोज बोट टोचण्याची बॉर्डरवरच्या माणसाला गरज नसते. मशीन असेलच तर ते शिकण्यासाठी वापरावे. दोन आठवडे ठरवून घ्यावेत. आठवड्यातून दोनदा उपाशीपोटी आणि दोनदा जेवणाआधी व त्याच जेवणाच्या पहिल्या घासानंतर दोन तासांनी तपासावे. एका दिवशी भाकरी-पालेभाजी, एका दिवशी भात-वरण, एका दिवशी उपवासाची साबुदाण्याची खिचडी. एका वेळी जेवणानंतर अंथरुणावर, दुसऱ्या वेळी तेच जेवून पंधरा मिनिटे चालून. तारीख, वेळ, काय खाल्ले आणि आकडा वहीत लिहावा. दोन आठवड्यांत आपल्या अंगाला काय सोसते ते कळते. मग मशीन ठेवून द्यावे आणि ती वही डॉक्टरांना दाखवावी.

उपाशीपोटी ७५-८० आकडा दिसला म्हणून साखर तोंडात टाकायची नाही. ७० ते ९९ नॉर्मलच आहे.

ऊसतोडीला जाणाऱ्यांनी कधी तपासावे?

बीड, अहिल्यानगर भागातून हजारो जोडप्यांचा संसार दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांकडे हलतो आणि पट्टा पडल्यावर उन्हाळ्यात परत येतो. शिबिर गावात होते तेव्हा माणूस फडात असतो, आणि तीन महिन्यांनी बोलावले तेव्हा तो दुसऱ्या जिल्ह्यात असतो. अशांनी वर्षाला दोन वेळा ठरवून टाकाव्यात : एक गाडी भरण्याआधी आणि दुसरी गावी परतल्यावर. रिपोर्टचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा, म्हणजे कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात तो दाखवता येतो. या कामातल्या बायांनी हिमोग्लोबिनची तपासणी सोबत करावीच, कारण वर सांगितल्याप्रमाणे तिच्याशिवाय तीन महिन्यांच्या शुगरचा आकडा नीट वाचता येत नाही.

आकडा मागे कसा येतो?

चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी बॉर्डरवरच्या ५३१ जणांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीसारखेच राहिलेल्यांपैकी तीन वर्षांत १०० मागे ५५ जणांना मधुमेह झाला. खाण्यात आणि चालण्यात बदल केलेल्यांमध्ये हे प्रमाण ३९ वर आले. विशेष म्हणजे या लोकांचे वजन फारसे उतरले नव्हते, तरी फायदा झाला. म्हणजे बारीक माणसालाही चालण्याचा उपयोग आहे. अमेरिकेतल्या २००२ च्या अशाच अभ्यासात वजन सात टक्के उतरवण्याचे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालण्याचे उद्दिष्ट होते. तिथे धोका ५८ टक्क्यांनी घटला. ८० किलोच्या माणसाला सात टक्के म्हणजे साडेपाच किलो.

चहातली साखर आधी निम्मी, मग बंद. साखर सोडून गूळ धरल्याने शुगरला फरक पडत नाही, दोन्ही रक्तात जाऊन सारखेच काम करतात. ज्वारी-बाजरीची भाकरी चांगलीच, पण चार खाल्ल्या तर तीही वाढवते. एक कमी करून त्या जागी मटकी, हरभरा, पालेभाजी, काकडी, अंडे वाढवावे. साबुदाणा आणि बटाट्यावरचा उपवास म्हणजे शुगरसाठी उपवास नव्हे. रात्रीचे जेवण लवकर आणि जेवल्यावर गावच्या वेशीपर्यंत एक फेरी. शेतातले काम हंगामात असते, फेरी बाराही महिने हवी.

दुसऱ्याची गोळी घेऊ नका

शुगरच्या काही गोळ्या स्वादुपिंडाला जबरदस्तीने इन्शुलिन सोडायला लावतात. बॉर्डरवरच्या माणसाने अशी गोळी घेतली आणि जेवण लांबले तर शुगर एकदम खाली येऊन घाम, थरथर, चक्कर येते, शुद्ध हरपू शकते. विहिरीवर किंवा ट्रॅक्टरवर असताना असे झाले तर काय होईल, ते वेगळे सांगायला नको. बॉर्डरवरच्या काही रुग्णांना डॉक्टर मेटफॉर्मिन देतात, पण कोणाला द्यायचे ते वय, वजन आणि मूत्रपिंडाची स्थिती बघून ठरते. ‘शुगर मुळापासून घालवतो’ म्हणून बाजारात मिळणारी चूर्णे, काढे यांच्या भरवशावर तपासणी थांबवू नये.

कुठे जायचे, आणि थांबायचे कधी नाही

गावातील आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा फॉर्म भरून घेतात. त्यात वय, कंबर, तंबाखू, दारू, मेहनत आणि घराण्यातला आजार यांवरून गुण देतात. चारच्या पुढे गुण गेलेल्यांची तपासणी आधी केली जाते. फॉर्म भरताना ‘मला काही नाही’ म्हणून वेळ मारून नेऊ नये. उपकेंद्रातील आयुष्मान आरोग्य मंदिरात समुदाय आरोग्य अधिकारी बोटातून शुगर तपासतात आणि आकडा १४० च्या पुढे असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पाठवतात. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार आणि तपासण्या मोफत आहेत. केंद्रावर कोणती तपासणी कोणत्या वारी होते ते आधी विचारून जावे, म्हणजे उपाशीपोटी घातलेला हेलपाटा वाया जात नाही.

घरच्या मशीनवर उपाशीपोटी १२६ च्या पुढे किंवा जेवणानंतर २०० च्या पुढे आकडा दोन-तीनदा आला तर त्याच आठवड्यात लॅबमध्ये तपासून डॉक्टरांना भेटावे. खूप तहान, रात्रीत चार-पाच वेळा लघवी, न सांगता उतरणारे वजन, पायाची न भरणारी जखम, अंधूक दिसणे यांपैकी काही असेल तर आकड्याची वाट बघू नये. तीनशेच्या पुढे शुगर आणि सोबत उलट्या, जोराचा श्वास किंवा गुंगी असेल तर रात्र असली तरी १०८ ला फोन करून दवाखाना गाठावा.

आणि ज्यांचा शिबिरातला कागद अजून देव्हाऱ्यामागेच आहे, त्यांनी येत्या आठवड्यात तीन गोष्टी कराव्यात : कंबर मोजावी, लॅबमध्ये उपाशीपोटीची शुगर आणि एचबीएवनसी हिमोग्लोबिनसह करून घ्यावी, आणि पुढची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी.